खुंट्यांच्या फळीसाठी आभार

रेनकोट, दप्तरं आणि आजोबांचा लोकरीचा कोट यांना आमच्या चिपळूणच्या घरात अखेर हक्काची जागा मिळाली. वखारीतून जुन्या दाराची सागवानी फळी शोधून देणाऱ्या काकांचे आभार. लाकूड छान मुरलेलं निघालं. खुंटी टोकाला किंचित वर उचललेली हवी, नाहीतर ओला रेनकोट घसरतो, हे पटाशी हातात देऊन शिकवणाऱ्या सुतारमामांचे किती मानू! जांभ्याच्या भिंतीत आखूड स्क्रू पकड घेत नाही, म्हणून लांब प्लग देणारे हार्डवेअरवाले दादाही आलेच. मुलांसाठी खालची रांग ३ फुटांवर घ्यायचं शेजारच्या वहिनींनी सुचवलं. पॉलिशऐवजी जवसाचं तेल लावलंय. वास अजून येतो, पण चालेल. सगळ्यांनी चहाला या, शक्यतो पावसातच.