ती टकटक ठेवल्याबद्दल

प्रिय ताई,

बाबांच्या आवाजाची तुम्ही साफ केलेली फाइल मिळाली तेव्हा तुम्हाला दोन ओळींचा मेसेज पाठवला होता, पण तेवढ्याने माझं भागलं नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं उघड. काम बिघडवणाऱ्यांबद्दल आपण चारचौघांत भरभरून बोलतो. मग काम करणाऱ्याचे आभार तेवढे खाजगीत का मानायचे?

बिघडवणाऱ्यांबद्दलही बोलून घेतोच, त्याशिवाय मन मोकळं व्हायचं नाही. जुन्या कॅमकॉर्डरवरचं चित्रीकरण. बाबा लाकडी खुर्चीत बसून माझ्या मुलीला घड्याळ शिकवतायत. डोक्यावर पंख्याची घरघर, खाली कुठेतरी विजेची गुणगुण, आणि कॅमेऱ्यातली कॅसेट फिरण्याची किरकिर तर त्याच्याच माइकने इमानेइतबारे टिपून ठेवलेली. बाबांचे फोटो ढीगभर आहेत, आवाज मात्र एवढाच. पहिल्या गृहस्थांनी "होऊन जाईल हो" म्हणत आगाऊ पैसे घेतले आणि घरघर झाकायला वर बासरी टाकून दिली! बासरीखाली बाबा, बाबांखाली पंखा. दुसऱ्यांनी नॉइज रिडक्शन असं काही फिरवलं की पंख्याबरोबर बाबांचे 'स' आणि 'श'ही धुऊन निघाले, आणि उरला तो हौदात डोकं घालून बोलल्यासारखा आवाज. वर मलाच ऐकवलं, "एवढ्या जुन्या फुटेजचं याहून काय होणार?" तिसऱ्या ठिकाणी एआयचं एक बटण दाबलं गेलं. आवाज अगदी लख्ख आला, पण तो बाबांचा नव्हता. त्यांच्या गळ्यात एक कायमची खरखर होती, ती बटणाला दोष वाटली. बटणाला काय बोलायचं? ज्याने ते दाबलं त्याने तरी निकाल कानाने तपासायला हवा होता. या तिघांपैकी एकानेही ती क्लिप सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकली नव्हती, यावर मी पैज लावायला तयार आहे.

तुम्ही आधी ऐकलीत. आणि काय होईल हे सांगण्याआधी काय होणार नाही ते सांगितलंत. मुलगी माइकजवळ ओरडते तिथे आवाज फाटलाय, आणि जे रेकॉर्ड होतानाच फाटलं ते पूर्ण शिवून मिळत नाही, असं तुमचं पहिलंच वाक्य. खरं सांगतो, त्या नकारानेच माझा विश्वास बसला.

तुम्ही काय काय केलंत त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं, तेव्हा तो पाढा इथे वाचत नाही. पण फोनवर जे समजावलंत त्यातलं काही पक्कं लक्षात राहिलंय. बाबा बोलायला लागण्याआधी क्लिपमध्ये नुसताच पंखा ऐकू येतो, तो इवलासा तुकडा तुम्ही सॉफ्टवेअरला नमुना म्हणून दिलात. सगळे तेच करतात, म्हणालात, पण इथे एक अडचण होती: कॅमेरा रेकॉर्डिंगची पातळी आपणहून कमीजास्त करत होता. बाबा थांबले की पंखा वर यायचा, बोलू लागले की दबायचा. म्हणजे एकच नमुना सगळीकडे बसणार नव्हता, जागोजागी वेगळं माप घ्यावं लागलं. गुणगुणीचंही तसंच. 50 हर्ट्झच्या विजेची गुणगुण 100, 150 अशा पटींतही वाजते, आणि पुरुषाच्या बोलण्याचा पायाच साधारण 85 ते 180 हर्ट्झच्या दरम्यान असतो. सरसकट कापलं असतं तर बाबांचा आवाज पोकळ झाला असता. तुम्ही त्या पटींवर अगदी अरुंद चिरा दिल्यात. आणि पंखा संपवला नाहीत, 12 डेसिबलने, म्हणजे त्याच्या लहरीची उंची जवळजवळ पावपट होईल इतका, खाली आणलात. "थोडा राहू दे, पार घालवायला गेलं की माणूसही जातो," हे तुमचे शब्द. मागच्या गृहस्थांना हे कोणीतरी कळवा.

पण मी हे पत्र लिहितोय ते यासाठीही नाही. ते तुमच्या एका फोनसाठी.

"तुमच्या वडिलांच्या बोलण्यात मधेमधे एक टकटक येते. ती काढायची की ठेवायची?" मी गोंधळलो. कसली टकटक? इतक्या वेळा ती क्लिप ऐकली, मला कधी जाणवलीच नव्हती. मग तुम्ही स्क्रीनवरचं स्पेक्ट्रोग्रामचं, म्हणजे कोणत्या क्षणी कुठले सूर वाजतात ते रेघांत दाखवणारं, चित्र पाठवलंत. गुणगुण खालच्या बाजूला आडव्या रेघांमध्ये पसरलेली, आणि तिला छेदत जाणाऱ्या बारीक उभ्या रेघा. एकेक उभी रेघ म्हणजे एकेक टक. तुमचं म्हणणं असं, की कॅसेटचा किंवा पंख्याचा खटका असता तर तो आपल्या लयीत वाजत राहिला असता. हा बाबा बोलायचे थांबले की थांबतो. शिवाय दर वेळी एखाद्या आकड्याच्या किंचित आधी येतो. टक, पाच. टक, दहा. टक, पंधरा.

अंगठी होती ती, ताई. बाबांना बोटातली अंगठी खुर्चीच्या हातावर वाजवायची सवय होती. मिनिटकाटा एकेक घर पुढे सरकला की टक. तो त्यांचा हिशेब होता, नातीला ऐकवलेला. चित्रात त्यांचा तो हात दिसतही नाही, मुलीच्या डोक्याआड गेलाय.

खटके काढायचं साधन तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे हे तुम्हीच सांगितलंत. ते चालवलं असतं तर अंगठी सहज निघून गेली असती आणि मला आयुष्यात कळलं नसतं. उलट "वा, काय स्वच्छ झालं!" म्हणून मी तुमचं कौतुकच केलं असतं. कोणी तक्रार करणार नव्हतं, कोणी तपासणार नव्हतं. तरीही तुम्ही हातातलं काम थांबवलंत आणि एका अनोळखी माणसाच्या वडिलांच्या बोटांबद्दल विचारायला फोन केलात. नंतर दार आपटल्याचा आवाज काढलात तेव्हाही तिथे नुसती शांतता सोडली नाहीत, शेजारचाच पंखा आणून ती जागा भरलीत, म्हणजे कानाला खड्डा लागू नये. पण तिथे निदान मी ऐकून ओळखलं असतं. अंगठीचं तसं नव्हतं.

मला वाटतं चांगुलपणा बहुतेक वेळा असाच असतो, विचारून घेण्याएवढा. फार मोठा त्याग वगैरे नाही. आपल्याला जे फालतू दिसतं ते समोरच्याचं काही असू शकेल, एवढी शंका मनात येणं आणि ती आल्यावर आळस न करणं. डॉक्टर असो, शिंपी असो, घर आवरायला मदत करणारा पाहुणा असो, "हे टाकू का?" असं विचारणारी माणसं मला आता वेगळी दिसायला लागली आहेत. (आमच्या घरात असं कोणी नाही. आमच्याकडे आधी टाकतात, मग विचारतात.)

आणखी एक. मूळ फाइलला हात न लावता ती वेगळी परत केलीत आणि "ही जपा, पुढे याहून चांगलं साधन येईल तेव्हा लागेल" असं बजावलंत. स्वतःच्या कामाला शेवटचं न मानणारा कारागीर मी फार कमी पाहिलाय.

मुलगी आता मोठी झाली आहे. तिला त्या दुपारचं काहीही आठवत नाही, पण क्लिप ऐकल्यापासून ती टेबलावर पेन आपटत आकडे मोजते आणि मला छळते. आई म्हणाली, "मी याच टकटकीवरून त्यांच्याशी आयुष्यभर भांडले, आणि तुम्ही पैसे देऊन ती ठेवून घेतलीत?" आणि मग तिने क्लिप पुन्हा लावायला सांगितली.

माळ्यावर अजून एक कॅसेट निघाली आहे. ती गच्चीवरची आहे आणि तिच्यात वारा थेट माइकवर आदळतोय, तेव्हा तुम्ही काय म्हणाल याचा अंदाज आहे. तरी पाठवतो. बघा जमलं तर, घाई मुळीच नाही. आणि मधे काही वाजत असेल तर खुशाल फोन करा, यावेळी आईलाच शेजारी बसवतो.

तुमचा ऋणी,
घड्याळवाल्या आजोबांचा मुलगा