रविवारी फ्रेटलेस बास ऐकायचाय, विसरू नका

मंडळी, येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता फोंड्याला नेहमीच्या जागी जमायचंय, यावेळी फक्त फ्रेटलेस बास, म्हणजे पडदे नसलेली बास गिटार. प्रत्येकाने आपली आवडती २ रेकॉर्डिंग्ज आणा, पेनड्राइव्ह किंवा सीडीवर, मोबाईलच्या स्पीकरवर नको प्लीज, त्यात बास ऐकूच येत नाही.

सुरुवात बासवादक जाको पास्टोरियसच्या १९७६ च्या पहिल्या अल्बमने. त्यातलं 'पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी' नीट कान देऊन ऐका, एकटा बास, बरंचसं हार्मोनिक्सवर (तारेला नुसतं हलकं बोट लावून काढलेले उंच सूर), देवळातली छोटी घंटा वाजावी तसे सूर येतात आणि खाली जाड सूर घुमत राहतो. त्याच वर्षीचा गायिका जोनी मिचेलचा 'हेजिरा' अल्बम मी आणतोय, त्यात जाको नुसती साथ देत नाही, तिच्या गाण्याशी बोलतो. गायक पॉल यंगच्या १९८३ च्या 'व्हेअरएव्हर आय ले माय हॅट'मधला पिनो पॅलाडिनोचा बास पण हवाच, चांगली कॉपी कोणाकडे असेल तर सांगा. सरोद ऐकणाऱ्यांना यातली मींड लगेच कळेल, पडदेच नाहीत त्यामुळे बोट घसरतं तसा सूर घसरतो, पण केसभर चुकलं की बेसूर!

पाऊस असला तरी बैठक होणार. येणाऱ्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत कळवा, भजी त्या हिशोबाने सांगायचीत.