रविवारच्या बैठकीआधी लिनक्सवर एव्हीआरची तयारी करून या

मंडळी, येत्या रविवारी सकाळी १० वाजता सांगलीत विश्रामबागच्या आपल्या नेहमीच्या खोलीत जमायचंय. एटीमेगा३२८पी या एव्हीआर घराण्यातल्या मायक्रोकंट्रोलर चिपवर सी भाषेत लिहिलेला पहिला प्रोग्रॅम प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवरून चढवायचा आहे. तिथलं नेट बेताचंच, त्यामुळे डाउनलोड घरूनच करून या.

- उबुंटू किंवा डेबियनवर ॲप्टने (पॅकेज टाकायची कमांड) जीसीसी-एव्हीआर (कंपायलर), एव्हीआर-लिबसी (सी लायब्ररी), एव्हीआरड्यूड (चिपवर प्रोग्रॅम चढवणारं) आणि मेक (बिल्ड करणारं) टाका.
- आपला युजर सिरियल पोर्ट वापरायची परवानगी देणाऱ्या 'डायलआउट' ग्रुपमध्ये घाला, मग लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा. हे राहिलं की पोर्ट उघडताना 'परमिशन डिनाइड' येतं आणि लोक वैतागून सगळंच सुडोने, म्हणजे ॲडमिनच्या हक्काने, चालवतात. तसं करू नका.
- सीएच३४० या यूएसबी-सिरियल चिपचा स्वस्त बोर्ड उबुंटू २२.०४ वर लावला की कधीकधी टीटीवाययूएसबी० हे बोर्डाच्या पोर्टचं नाव क्षणभर दिसून गायब होतं. लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नका! ब्रेल डिस्प्लेसाठीचं बीआरएलटीटीवाय तो पोर्ट बळकावतं. तसा डिस्प्ले वापरत नसाल तर ते पॅकेज काढून टाका.

केबल डेटाची आणा, नुसत्या चार्जिंगची नको. दिसायला दोन्ही सारख्याच. एक्स्टेंशन बोर्ड असेल त्यांनी तोही आणावा, खोलीत प्लग कमी आहेत. येणाऱ्यांनी शुक्रवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर कळवा.