गोळीचा दोष वयाच्या माथी नको

संपादक महोदय,

घरातलं वयस्क माणूस चार दिवसांत बदललं, नावं चुकू लागलं, बोलताना मधेच अडखळू लागलं, की ‘वय झालं’ म्हणून आपण मोकळे होतो. त्याच चार दिवसांत नवी गोळी कुठली सुरू झाली, हे सहसा कुणी विचारत नाही.

माझे थोरले दीर मधुमेही आहेत. लघवीच्या संसर्गासाठी त्यांना लिव्होफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक दिलं होतं. वर्षानुवर्षं भजनात पखवाज वाजवणारा माणूस, पण एकादशीला ठेका सोडून नुसता बघत बसला. घरात कुणी विस्मरण म्हणालं, कुणी दृष्ट काढली. इस्पितळात नेल्यावर कळलं, साखर खूप उतरली होती. डॉक्टरांनी प्रतिजैविक बदललं, मधुमेहाच्या गोळीची मात्रा कमी केली आणि दीर पुन्हा पूर्वीसारखे बोलू लागले. गोळी लिहून देताना किंवा विकताना याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

हे काही जगावेगळं नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या गटातल्या औषधांनी लक्ष न लागणं, स्मरणात गोंधळ, स्थळकाळाचं भान सुटणं, अस्वस्थता होऊ शकते आणि रक्तातली साखरही एकदम उतरू शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये अधिक ठळक करायला लावला. सिप्रोफ्लॉक्सासिनमुळे चहा-कॉफीतलं कॅफीन शरीरात जास्त वेळ राहतं, म्हणजे झोपही उडते. मेट्रोनिडॅझोल हे दुसरं प्रतिजैविक फार दिवस घेतल्यास क्वचित जीभ जड होते, चालताना तोल जातो. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना सेफेपाइम या प्रतिजैविकाची मात्रा जुळवून दिली नाही तर भान हरपण्यापर्यंत मजल जाते. बहुतेकांना असलं काही होत नाही, हेही खरं. आणि ज्यांना होतं, त्यांच्यातले बरेचजण औषध थांबल्यावर सावरतात, पण ते ओळखलं गेलं तर.

हे वाचून कुणी गोळ्या अर्ध्यावर सोडू नयेत. म्हाताऱ्या माणसाला नुसत्या संसर्गानेही भ्रम होतो, तेव्हा दोष गोळीचा की रोगाचा, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. आपण त्यांना फोन करायचा, एवढंच.

लिव्होफ्लॉक्सासिन २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ या औषधांच्या सरकारी यादीत आहे. चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही, विक्रीची नोंद वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षं ठेवावी लागते. प्रत्यक्षात काही फार्मसींत “ताप हाय? मग हें घे” म्हणत पट्टी कापून चार गोळ्या हातावर ठेवल्या जातात. पट्टीवरची लाल रेघ आणि इशाऱ्याची चौकट उरलेल्या तुकड्याबरोबर दुकानातच राहते! माहितीपत्रक मिळालंच, तर ते इंग्रजीत आणि भिंगाशिवाय न वाचता येणारं.

राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने या वह्या खरोखर तपासाव्यात. गोळ्यांच्या कागदी पाकिटावर मराठी-कोंकणीत दोन ओळी छापायला फार्मसींना सांगावं: ‘गोंधळल्यासारखं वाटलं, घाम सुटला, हात थरथरले तर लगेच डॉक्टरांना कळवा. मधुमेहाची किंवा दुखण्याची गोळी चालू असल्यास आधी सांगा.’ पाकीट तर छापलं जातंच. सध्या त्यावर दुकानाची जाहिरात असते.

— एक निवृत्त शिक्षिका, डिचोली