‘मी’ शोधून निवेदक सापडत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका पालकांनी विचारलं होतं की, मराठीच्या पेपरात ‘या उताऱ्यातील निवेदन कोणत्या प्रकारचे आहे?’ (म्हणजे गोष्ट कोणाच्या तोंडून सांगितली आहे) असले प्रश्न घालून पोरांच्या पदरात काय पडतं? मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावी नववी-दहावीला मराठी शिकवतो. त्यांचा वैताग मला पटतो. पण तो प्रश्नच काढून टाका, हे काही पटत नाही. प्रश्न चांगला आहे, वाट आम्ही शिकवणाऱ्यांनी लावली.

गाईडात एक ओळीचा नियम असतो. ‘मी’ आला की प्रथमपुरुषी, ‘तो-ती’ आले की तृतीयपुरुषी. त्यामुळे मुलं उतारा वाचतच नाहीत, तांदळातले खडे वेचावेत तसे ‘मी’ वेचतात. ‘“मी उद्या येतो,” गणपत म्हणाला’ एवढं दिसलं की झालं प्रथमपुरुषी! यावर माझा उपाय साधा आहे. अवतरणचिन्हातला मजकूर बोटाने झाकायचा आणि उरलेलं वाचायचं. निम्म्या चुका बोटानेच जातात.

उरलेल्या निम्म्या जात नाहीत, कारण आपली भाषाच गमतीची आहे. ‘उठलो, तोंड धुतलं, वावरात गेलो’ यात ‘मी’ कुठेच नाही, तरी बोलणारा बाप्या आहे हे ‘उठलो’ने सांगितलं. उलट ‘मी भाकर खाल्ली, मी पाणी भरलं’ असं चार पानं लिहा, बोलणारा बाप्या की बाई याचा पत्ता लागणार नाही. क्रियापद भाकरीमागे गेलेलं असतं. आणि हे बघा : ‘रामराव ओट्यावर बसले. कापूस आता विकावा की ठेवावा? भाव वाढला तर?’ पहिलं वाक्य निवेदकाचं. पुढचे प्रश्न कोणाचे? ‘मनात आलं’ असं कुठे लिहिलेलं नाही, ‘विकावा’वरून ‘मी’ की ‘तो’ हे कळत नाही. तृतीयपुरुषी निवेदन इथे गुपचूप रामरावांच्या डोक्यात जाऊन बसलं. गाईडातला नियम इथे मुका होतो.

म्हणून मी ‘कोणता पुरुष’ हे विचारणं सोडलं आणि विचारू लागलो : सांगणाऱ्याला काय माहीत आहे, काय माहीत असूच शकत नाही, आणि माहीत असलेलं त्याला कुठून कळलं? हे मला सुचलं एका पोळ्यामुळे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावात तोरणाखाली झडत्या (पोळ्यात म्हणतात ती गाणी) रंगात आल्या असताना कोणीतरी फटाक्यांची लड लावली. एक बैल उधळला, तोरण तुटलं आणि शेजारचा पानठेला आडवा झाला. माणसांना लागलं नाही. बहुतेक पोरं तिथेच होती. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, त्यानंतर शाळा भरली तेव्हा मी सांगितलं, हाच प्रसंग लिहा, पण तुमच्या तोंडून नाही. बैलाचा मालक व्हा, ठेलेवाला व्हा, लड लावणारा व्हा, झडती म्हणणारे आजोबा व्हा.

निम्मा वर्ग बैल झाला, हे ओघानेच आलं. एकाने लिहिलं, ‘मी एवढा घाबरलो की माझे डोळे पांढरे झाले.’ मागच्या बाकावरून लगेच, “तुले कोनं सांगतलं? आरसा होता काय गोठ्यात?” दुसऱ्याच्या बैलाने लिहिलं, ‘मालकाने माझ्या झुलीसाठी सोसायटीचे कर्ज घेतले होते.’ वर्ग खवळला. “सर, बैलाले काय मालूम सोसायटी?” लिहिणारा हटेना. म्हणाला, “खांदेमळणीच्या रातच्याले मालक गोठ्यात मालकिनीसंगं बोलत होता. म्या तठीच होतो, ऐकलं.” खांदेमळणी म्हणजे पोळ्याची आदली संध्याकाळ, बैलांचे खांदे मळून त्यांना जेवणाचं आवतण द्यायची. म्हणजे बातमी कुठून आली त्याची सोय त्याने करून ठेवली होती! “पन बैलाले मराठी समजते काय?” त्यावर त्याने जे उत्तर दिलं त्यापुढे मी गप्प झालो : “मंग आपन त्याले ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ काऊन म्हन्तो?”

त्या तासात मी फळ्यावर एकही व्याख्या लिहिली नाही. मर्यादित दृष्टिकोन म्हणजे काय, ते त्यांना पाठ न करता कळलं होतं.

सगळ्यात चांगलं लिहिलं एका मुलीने, आणि तिथे मीच चुकलो. ती ठेलेवाल्याची बायको झाली होती, म्हणजे पोळ्याला न गेलेली, घरी पुरण वाटत असलेली. ‘मी घरी होती. आवाज आला. मले वाटलं पोळा फुटला.’ (पोळा फुटला म्हणजे पोळा संपून बैल सुटले.) पुढे नवरा फुटक्या बरण्या घेऊन घरी येतो, बोलत नाही, आणि ती बरण्या मोजते. बैल नाही, तोरण नाही, काहीच दिसलेलं नाही तिला. मी सवयीने लाल पेनने ‘होती’ला गोल करून ‘होते’ केलं, ‘मले’चं ‘मला’ केलं. वही परत घेताना ती म्हणाली, “सर, ते मी नाई, ते काकू आहे. काकू ‘होते’ म्हनत नाई.” बरोबर होतं. निवेदक एकदा निवडला की भाषा त्याची, मास्तरांची नाही. मी ते गोल खोडले, पण लाल शाई काही निघत नाही.

‘मी’ म्हणजे लेखक, ही दुसरी गाठ. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी 1890 पासून ‘करमणूक’ साप्ताहिकामध्ये छापून येऊ लागली. ती सांगते यमू, स्वतःच्या तोंडाने. “म्हंजे लेखक बाई होता?” असं मला दरवर्षी एकजण तरी विचारतो, आणि हा प्रश्न यावा म्हणूनच मी ते उदाहरण देतो. खांडेकरांच्या ‘ययाति’त (1959) तर ययाती, देवयानी, शर्मिष्ठा आपापली बाजू आपापल्या तोंडाने सांगतात. देवयानीच्या तोंडची शर्मिष्ठा आणि शर्मिष्ठेची शर्मिष्ठा शेजारी ठेवली की वर्गात भांडण ठरलेलं. माझ्या मते सगळ्यात मोठा धडा मात्र आमच्याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या लीळा, म्हणजे आठवणी, गोळा केल्या त्या घरबसल्या नाहीत; ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडे जाऊन, विचारून. कोणी पाहिलं, कोणाला कसं आठवतं, ही विचारपूस मराठी गद्याच्या सुरुवातीपासून आहे. ती नववीच्या पोराला जड कशी जाईल?

परीक्षेबद्दल माझी सूचना एवढीच. ‘निवेदनाचा प्रकार ओळखा’ या एका गुणाच्या प्रश्नाऐवजी ‘या उताऱ्यातील निवेदकाला कोणती गोष्ट कळलेली नाही?’ असं दोन गुणांना विचारावं. त्याचं तयार उत्तर गाईडात देता येणार नाही, आणि तपासताना आम्हालाही उतारा वाचावा लागेल. (ही अडचण मोठी आहे, हे मान्य.)

आता आपल्याशी संबंधित. मी वर्गात वर्तमानपत्रांची कात्रणंही नेतो. यंदा एक कात्रण होतं शेतकऱ्याच्या आत्महत्येचं, आमच्या भागात अशा बातम्या शोधाव्या लागत नाहीत. पहिलंच वाक्य होतं, ‘नापिकी व कर्जबाजारीपणाला कंटाळून शेतकऱ्याने जीवनयात्रा संपवली.’ घरच्यांनी सांगितलं, पोलिसांनी सांगितलं, चिठ्ठी मिळाली, असं कुठेच काही नाही. निवेदक ओळखा म्हटल्यावर एक मुलगा म्हणाला, “सर्वसाक्षी.” कशावरून? “मेलेल्या मान्साच्या मनात शिरला ना सर तो.”

कारण खोटं असेल असं मी म्हणत नाही. बहुतेक खरंच असेल. पण ते कोणी सांगितलं, याला अर्धी ओळ पुरते. कात्रण सोबत जोडलं आहे. ते आपल्या दैनिकाचं नाही, पण आपल्याकडची दोनही माझ्या फाइलीत आहेत.

आपला,
एक मराठी शिक्षक
ता. दर्यापूर, जि. अमरावती