सत्कारमूर्ती ‘आदी’

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान ४ वर ‘आरोग्यदूतांचा गौरव’ ही बातमी वाचली. दोनदा वाचावी लागली, कारण पहिल्या वाचनात ज्यांचा गौरव झाला त्याच सापडल्या नाहीत. अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, ‘प्रमुख उपस्थिती’वाले, स्वागताध्यक्ष, प्रास्ताविक करणारे, आभार मानणारे, अशी १४ नावे पेन्सिलीने खुणा करत मोजली. सूत्रसंचालकाच्या नावापुढचे ‘सर’सुद्धा तुम्ही गाळलेले नाही. आणि मग शेवटची ओळ : ‘यावेळी आशा स्वयंसेविका, आरोग्य सेविका आदींचा सत्कार करण्यात आला.’ फोटोत नऊ फेटे आहेत. डाव्या कडेला अर्धा पदर दिसतो, तो आमच्या वाडीच्या आशाताईंचा. साडी ओळखीची म्हणून कळले.

सगळा दोष तुमच्या बातमीदाराचा नाही. तो बिचारा पाहुणे आल्यावर आला आणि पाहुण्यांबरोबरच गेला. मी मात्र सकाळपासून तिथे होतो. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राखालच्या सत्तावीस आशा दहाला हजर होत्या, कारण रांगोळी त्यांनीच काढायची होती. औक्षणाची ताटेही त्यांच्याच हातात. कार्यक्रम अकराचा, पाहुणे आले पावणेदोनला. प्रत्येक मान्यवराला फेटा, शाल, श्रीफळ, शिवाय फोटोसाठी थांबणे. सत्कारमूर्तींची पाळी आली तेव्हा ‘वेळेअभावी’ सर्व भगिनींनी एकदमच मंचावर यावे, असे पुकारले गेले. एकेक गुलाब मिळाला. प्रमाणपत्रांचा गठ्ठा खाली टेबलावर होता.

ते प्रमाणपत्र माझ्या डोळ्यांसमोर आहे. सोनेरी वेलबुट्टी, खाली तीन मोठ्या सह्या छापील, आणि मधोमध ‘श्रीमती ...............’. नाव आपापले घालून घ्या, असे सांगितले होते. आमच्या ताई संध्याकाळी ते घेऊन माझ्याकडे आल्या. ‘गुरुजी, तुमचं अक्षर चांगलं आहे.’ ही बाई दिवसभर रजिस्टरे भरते, अख्ख्या वाडीतल्या गरोदर बायांची आणि बाळांची नावे तिच्या हातची. पण स्वतःच्या सत्काराच्या कागदावर स्वतःच नाव लिहायचे तिला जिवावर आले. मी बोरू काढून लिहून दिले. दुसऱ्या दिवशी आणखी आठ जणी आल्या.

तुम्ही म्हणाल, गुरुजींना एवढे का लागले? तर सांगतो. सात वर्षांपूर्वी माझी सून बाळंत होऊन घरी आली. सातव्या दिवशी ताई भेटीला आल्या. आषाढ होता, डोक्यावर इरले, खांद्याला पिशवी. हात धुतले, बाळाच्या काखेत थर्मामीटर लावला, झोळीच्या काट्यावर वजन घेतले. मग नुसत्या बाळाच्या पोटाकडे बघत बसल्या, हातात घड्याळ. मी थट्टेने म्हटले, ‘अहो, झोपलंय ते, कशाला मोजताय?’ त्यांनी बोटाने मला गप्प केले. मिनिटाला सहासष्ट श्वास. पुन्हा मोजले, चौसष्ट. साठच्या वर म्हणजे धोका, एवढेच म्हणाल्या आणि १०८ ला फोन लावला. गाडी वाडीपर्यंत चढत नाही. ओढा ओलांडून खाली सडकेपर्यंत बाळ त्यांनीच छातीशी धरून नेले, मी मागून छत्री धरली होती. पाच दिवस इस्पितळात काढले. नात आता दुसरीत आहे आणि माझ्यापेक्षा चढ्या आवाजात पाढे म्हणते.

या अशा सहा भेटी, बेचाळीस दिवसांत. मोबदला सगळ्या मिळून २५० रुपये. तोसुद्धा जन्मनोंद, वजन, लसी हे सारे कागदावर असेल आणि बेचाळीसाव्या दिवशी मायलेकरे सुखरूप असतील तरच. पगार म्हणायचे नाही, कारण त्या ‘स्वयंसेविका’. २०२४ च्या सुरुवातीला आझाद मैदानावर ठाण मांडून बसल्या तेव्हा कुठे पाच हजारांची वाढ पदरात पडली.

बरे, मथळ्यातला ‘आरोग्यदूत’ हा शब्द तरी ठाऊक आहे ना, कोणाचा? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नव्वदच्या दशकात ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाचे श्वास मोजायला, ऊब द्यायला शिकवले, त्यांना ‘आरोग्यदूत’ म्हणत. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते काम छापून आले : नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. ताईंच्या हातातले घड्याळ त्याच वाटेने आमच्या वाडीत आले. तुमच्या मथळ्याखाली मात्र फेटेवालेच दूत झाले.

२०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने जिनिव्हात भारतातल्या आशांचा गौरव केला, तेव्हा कुणाचे नाव घेतले नाही हे मान्य. दहा लाख नावे कोण वाचणार? इथे सत्तावीस होती. जागेची अडचण म्हणाल, तर त्याच पानावर एका युवा नेतृत्वाच्या वाढदिवसाची पाव पान जाहिरात आहे आणि तीत शुभेच्छुकांची पंचावन्न नावे आहेत. तीही मोजली. त्यात कुठे ‘आदी’ नाही.

सोबत वेगळ्या कागदावर सत्तावीस नावांची यादी जोडली आहे, गावांसह, ऱ्हस्व-दीर्घ तपासून. अंगणवाडी सेविका आणि सिस्टर यांची नावे जमवतो आहे, तीही पाठवीन. जागा कमी पडली तर हे पत्र खुशाल कापा, यादी तेवढी पूर्ण छापा.

ता. क. : आमच्याकडे अंक पूर्वी सातच्या एसटीने यायचा, दोन महिने झाले अकराच्या गाडीने येतो. एजंट म्हणतो, कार्यालयाला विचारा. कार्यालयाचा फोन कोणी उचलत नाही.

आपला,
एक वाचक (निवृत्त प्राथमिक शिक्षक), जि. सातारा