सलाईन किती गेली, लघवी किती झाली, हा हिशेब मशीनले करू द्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की आमच्याकडे वावरात घोणस निघते, निंदताना कोणाला ना कोणाला चावतेच, अन् तिचं विष किडनीवर जाते हे आता गावातल्या पोट्ट्यालेही माहीत आहे. इंजेक्शन तालुक्यालाच भेटते, पण त्याच्यानंतर खरा प्रश्न एकच राहते, लघवी होऊन राहिली का अन् किती.

माझ्या काकाला चावलं तेव्हा सलाईन चालू, लघवीची नळी टाकलेली, थैली कॉटच्या दांड्याला सुतळीनं बांधलेली. थैली दोन लिटरची, आकडे शंभर-शंभरच्या अंतरानं. साठ किलोच्या माणसाला ताशी निदान 30 मिली तरी व्हायला पाहिजे, सहा तास त्याच्या खाली राहिली तर किडनीची काळजी करावी लागते, आता हे 30 मिली त्या थैलीवर कसं वाचायचं तुम्हीच सांगा. रात्री वॉर्डात एकच सिस्टर, तिच्याच मागं बाळंतिणी, ती म्हणे थैली रिकामी केली की कागदावर लिहत जा. आमचे जावईबापू झोपेत उठले, थैली संडासात रिकामी करून आले, लिहिलं काहीच नाही. सकाळी जिल्ह्याला पाठवलं तर तिथल्या डॉक्टरनं पहिलं हेच विचारलं, रात्रीतून किती झाली? सगळे एकमेकाच्या तोंडाकडे पाहत राहिले. डायलिसिस लागलं, काका वाचले. लिहिलं असतं तर डायलिसिस टळलं असतं असं मी म्हणत नाही, पण डॉक्टर अंधारात तर राहिला नसता.

आता यासाठी मशीन निघाल्या आहेत अन् त्यात लय मोठं विज्ञान नाही. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यात जो लोड सेल असते तोच थैलीच्या हुकाला लावायचा, एक मिली लघवी म्हणजे जवळपास एक ग्रॅम, वजन वाढलं तसा तासातासाचा आकडा आपोआप नोंदवला जाते. सलाईनकडे थेंब मोजणारा सेन्सर राहते, साध्या सेटचे 20 थेंब म्हणजे एक मिली, पेशंटनं हात वाकवला अन् थेंब थांबले तर आवाज करते. पण हे सगळं दिसते कुठं तर नागपूरच्या मोठ्या आयसीयूत, जिथं पेशंटजवळ सिस्टर उभीच असते! जिथं एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड आहे तिथं नाही, हे उलटं नाही का?

डेंग्यूतही तेच. ताप उतरला की लोक म्हणतात बरं झालं, खरं तर तेव्हाच एक-दोन दिवस रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपते, सलाईन कमी पडली तर शॉक, म्हणजे बीपी एकदम खाली, अन् जास्त झाली तर छातीत पाणी. तिथं अंदाजपंचे काम चालत नाही.

मशीनले सगळं कळते असंही नाही बरं. घाम तिला मोजता येत नाही, मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा 45 च्या वर अन् वॉर्डात कूलर बंद, तर पेशंटचं किती पाणी अंगातूनच उडून जाते. त्यासाठी रोज पेशंटचं वजन करा, एका दिवसात एक किलो फरक म्हणजे साधारण एक लिटर पाणी. शिवाय कोणी नातेवाईक थैलीला टेकला की आकडा चुकते, अन् लाईट गेली तर बॅटरी पाहिजेच, नाहीतर वर्षभरात मशीन कपाटात.

माझं म्हणणं एवढंच की ग्रामीण रुग्णालयात घोणस, डेंग्यू, उष्माघाताच्या पेशंटसाठी अशा दोन-तीन मशीन तरी द्या, अन् मशीन येईपर्यंत रेफरच्या चिठ्ठीवर मागच्या सहा तासांत अंगात किती पाणी गेलं अन् किती लघवी झाली हे दोन आकडे लिहिल्याशिवाय अँब्युलन्स हलवू नका. अन् हो, मशीन दिली म्हणून सिस्टरच्या रिकाम्या जागा तशाच ठेवाल तर ते मात्र चालणार नाही.

आपला,
एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ